घरचा अँटेना

जावईबापूंनी त्या दिवशी सकाळी एक छोटासा निर्णय घेतला: इंटरनेटवाल्याला फोन करायचा नाही. निर्णय इतका छोटा होता, की तो घेताना त्यांनी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. पुढे त्यांना भर सकाळी हॉलच्या कोपऱ्यात एका पायावर उभं राहावं लागलं आणि तीन परक्या माणसांनी त्यांना तसं पाहिलं, त्याचं मूळ या एका कपात आहे.

त्यांना जावईबापू म्हणायच्या त्या खरं तर एकट्या सासूबाई. पण सासूबाईंचा आवाज असा खणखणीत, की खालचा लाँड्रीवालाही "जावईबापू, शर्ट झाले हो!" अशी हाक मारू लागला. (ऑफिसात त्यांना साहेब म्हणत. पण ऑफिसातल्या लोकांचा आवाज तेवढा लांब जात नसे.)

तर झालं होतं एवढंच, की बायकोचा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नव्हता. एरवी याचं कोणाला काही वाटलं नसतं. पण अकरा वाजता त्याच लॅपटॉपवर तिची मुलाखत होती. लग्नाआधी ती एका वास्तुविशारदाकडे इमारतींचे नकाशे काढायची. मग मुलगी झाली, मग घर बदललं, मग आई कायमची राहायला आली, आणि 'थोडे दिवस' म्हणून सोडलेली नोकरी सहा वर्षं सुटलेलीच राहिली. अर्ज करून करून बोटं झिजल्यावर आता कुठे एका मोठ्या फर्मनं तिला विचारलं होतं. नकाशे पडद्यावर उघडून दाखवायचे होते, म्हणजे फोनवर भागणारं काम नव्हतं. आणि फर्मनं आधीच बजावलं होतं की आज मुलाखती संपवायच्या आहेत, वेळ बदलून मिळणार नाही.

"मी इंटरनेटवाल्याला फोन लावते," बायको म्हणाली.

"कशाला?"

"नेट लागत नाहीये म्हणून. हवापाण्याच्या गप्पा मारायला नव्हे."

"हेच! हेच आपल्या लोकांचं चुकतं," जावईबापू म्हणाले. आपल्या लोकांचं काय काय चुकतं याची त्यांना फार तळमळ होती. "नळ गळला, बोलाव प्लंबर. दार कुरकुरलं, बोलाव सुतार. अगं, आपल्या घरातल्या वस्तूंचे आपण मालक आहोत की पाहुणे? माणसानं जरा डोकं चालवलं, तर कोणतंही यंत्र त्याच्यापुढे नमतं."

(मागे नळ गळला तेव्हा जावईबापूंनी डोकं चालवलं होतं. नंतर प्लंबर दोनदा येऊन गेला. एकदा नळासाठी आणि एकदा खालच्या मजल्यावरच्यांच्या छतासाठी.)

"अरे, तुला ऑफिस नाही का आज?" बायकोनं मोठ्या आशेनं विचारलं.

"रजा टाकलीय. खास तुझ्यासाठी."

बायकोचा चेहरा पडला. जावईबापूंना वाटलं, गहिवरली.

ते विमा कंपनीत होते. गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायचे आणि चूक कोणाची ते ठरवायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे घरात दूध उतू गेलं, तरी ते गॅस बंद करण्याआधी 'घटना घडली तेव्हा इथे कोण होतं?' असं विचारत. आताही त्यांनी लॅपटॉप समोर ओढला आणि बाह्या सरसावल्या.

"शेवटचं नेट कधी चाललं?"

"काल संध्याकाळी. मी नकाशे पाठवले."

"त्यानंतर लॅपटॉप पडला? आपटला? त्याच्यावर काही सांडलं?"

"नाही."

"नक्की? खोटं सांगून फायदा नाही, तपासात निघतंच."

"मी दावा नाही लावलेला! मला अकराला मुलाखत द्यायचीय!"

मग त्यांनी आपला फोन उघडून पाहिला. फोनवर सगळं झकास चालत होतं. म्हणजे वायफाय ठीक, दोष लॅपटॉपचा. (फोन वायफायवर चालला नव्हता. वायफाय सापडेना म्हणून तो गुपचूप त्यांच्या मोबाइलचा डेटा पीत होता. पण फोनची साक्ष काढताना, तो खातो कोणाचं हे त्यांनी विचारलं नाही.) त्याच फोनवर मग त्यांनी 'लॅपटॉप दुरुस्त करा, घरच्या घरी' या जातीचे व्हिडिओ लावले. एकामागून एक. एका व्हिडिओतला मनुष्य तर बोलता बोलता लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रूच काढू लागला. जावईबापूंनी स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला, तेव्हा बायकोनं लॅपटॉप लेकरासारखा छातीशी धरला आणि म्हणाली, "याला हत्यार लावलंस, तर बघ." तेवढ्यात व्हिडिओ थांबला आणि फोननं कळवलं की आजचा डेटा संपला आहे.

"अरेच्चा," जावईबापू गंभीर झाले. "फोनलाही लागण झाली."

"माझ्या फोनवरून जोडते," म्हणून बायकोनं तोही प्रयत्न केला. पण बेडरूममध्ये तिच्या फोनला रेंजची एकच काडी येई, तीही आली तर आली. चित्र दिसायचं ते फुटक्या फरशीच्या तुकड्यांसारखं. हॉलमध्ये बसावं, तर शेजाऱ्यांकडे खरोखरच फरशी कापायचं काम चाललेलं. भिंतीपलीकडून असा आवाज येत होता, की कोणी दाढांवर कानस चालवतंय. उरली फक्त बेडरूम, आणि बेडरूमला हवं वायफाय.

शेवटी तिनं न जुमानता इंटरनेटवाल्याला फोन लावलाच. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की तक्रार नोंदवली आहे, माणूस उद्या येईल.

"बघ," जावईबापू म्हणाले. "मी काय सांगत होतो?" ते नेमकं काय सांगत होते हे त्यांनाही नीट आठवत नव्हतं, पण हे वाक्य कुठेही शोभतं.

मग चौकशी हॉलमध्ये सरकली. राउटर तिथे होता. खिडकीजवळच्या फळीवर, कव्हर घालून.

इथे सासूबाईंच्या कव्हरांबद्दल सांगायलाच हवं. सासूबाईंचा धुळीवर राग होता. धुळीनं त्यांचं पूर्वजन्मी काहीतरी बिघडवलं असावं. त्या या घरात राहायला आल्या त्या शिलाई मशीन घेऊनच, आणि वर्षभरात घरातली एकही वस्तू उघडी राहिली नाही. मिक्सरला झालर होती. वॉशिंग मशीनला परकर होता. टीव्हीला दिवसा एक आणि रात्री एक. रिमोटला कुंची होती. शिलाई मशीनलाही कव्हर होतंच, आणि धुवायला टाकलेल्या कव्हरांच्या गाठोड्यालाही. एकदा जावईबापूंनी टीव्ही बंद करून कव्हर तसंच सोफ्यावर टाकलं होतं. सासूबाईंनी फक्त एक उसासा टाकला, कव्हर उचललं, झटकलं आणि टीव्हीला असं घातलं, जसं उघड्यावर टाकलेल्या पोराला पदराखाली घ्यावं. तो उसासा जावईबापूंच्या अंगात इतका भिनला, की तेव्हापासून ते ऑफिसातला प्रिंटर पाहूनही कसनुसे होत. कव्हर काढायचं, काम करायचं, कव्हर घालायचं, बंद बांधायचा. श्वास घेतो तसं. विचार न करता.

राउटरचं कव्हर नवं होतं, कालच रात्री शिवून झालेलं. बाहेरून गुलाबी फुलांचं, खालून बंद ओढून गाठ मारायची.

"आई," जावईबापूंनी अदबीनं विचारलं, "काल संध्याकाळपासून राउटरला कोणी हात लावलाय का?"

"छे हो! मी त्याला धूळसुद्धा लागू देत नाही, हात कशाला लावू देईन?"

"काही वेगळं केलंत? जागा बदलली? वायर ओढली?"

"मेली वायर. मी त्याच्या जागचं इकडचं तिकडे केलेलं नाही. उलट बिचाऱ्यावर खिडकीतनं ऊन येतं, म्हणून मलाच काळजी."

"बरं." जावईबापूंनी मनातल्या मनात साक्ष नोंदवली: 'साक्षीदार विश्वासार्ह.' आणि जाता जाता दुसऱ्या एका प्रलंबित प्रकरणालाही हात घातला. "माझ्या गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा दिसला का कुठे? तो, गॉगल घातलेल्या तोंडाचं चित्र असलेला?"

"असेल कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. "घरातली वस्तू घरातच असते, जावईबापू. फक्त उपयोगी पडत असते."

या वाक्यावर कोणाही चौकस माणसानं थांबायला हवं होतं. जावईबापू पुढे गेले.

तिकडे बेडरूममध्ये, हॉलकडे येण्याआधी, त्यांनी लॅपटॉपचं एक बटण दाबून ठेवलं होतं. लॅपटॉपनं विचारलं, 'हे नेटवर्क विसरू का?' जावईबापूंना वाटलं, मागचं सगळं विसरून नव्यानं सुरुवात करणं केव्हाही चांगलं. त्यांनी 'हो' म्हटलं. लॅपटॉप तत्काळ विसरला. आता तो पासवर्ड मागत होता, आणि तो राउटरच्या पोटाला चिकटवलेला होता.

जावईबापूंनी बंद सोडला, कव्हर काढून काखेत धरलं, राउटर उलटा केला आणि एकेक अक्षर ओरडून सांगायला सुरुवात केली. पलीकडे फरशी कापली जात होती, त्यामुळे प्रत्येक अक्षर दोनदा ओरडावं लागलं. लाँड्रीवाल्यालाही पासवर्ड पाठ झाला असणार.

"लागलं!" आतून बायकोची किंकाळी आली. "लागलं रे! पाचही काड्या आल्या!"

जावईबापूंच्या छातीचा आकार बदलला. त्यांनी राउटर सरळ ठेवला, त्याला कव्हर घातलं, बंद ओढून छानशी गाठ मारली, "फुलं सुरेख आहेत हं आई," असं कौतुकही केलं आणि विजयी वीराच्या चालीनं ते बेडरूममध्ये आले.

"गेलं," बायको म्हणाली.

"काय गेलं?"

"नेट. तू आलास आणि गेलं."

"मी येण्याचा काय संबंध?" ते तणतणत परत गेले. कव्हर काढलं, दिवे पाहिले. सगळे हिरवेगार.

"आलं!" आतून आवाज.

कव्हर घातलं. गाठ. बेडरूम.

"गेलं."

गेले. काढलं.

"आलं!"

घातलं. आले.

"गेलं! अरे, तू येत नको जाऊस ना!"

आणि त्या क्षणी, बेडरूमच्या उंबऱ्यावर, जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते विज्ञाननिष्ठ गृहस्थ होते. ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नये, प्रयोग करावा, निकाल येईल तो मानावा, मग तो कितीही चमत्कारिक असो, हे ते मुलीला नेहमी सांगत. इथे प्रयोग पुन्हा पुन्हा झाला होता आणि निकाल दर वेळी तोच होता. ते राउटरपाशी असले की नेट चालतं. ते दूर गेले की जातं.

"मला वाटतं," ते हळू आवाजात म्हणाले, "ते माझ्यामुळे चालतंय."

"काय?"

"माझ्या शरीरामुळे. काही माणसांच्या शरीरातून लहरी चांगल्या वाहत असतील. लोह वगैरे जास्त असतं काहींच्या रक्तात."

"तुझं लोह कमी आलं होतं रे तपासणीत! गोळ्या चालू आहेत तुला!"

"त्याच लागू पडल्या असतील."

बायकोनं घड्याळाकडे पाहिलं. मुलाखत दारात येऊन उभी होती. अशा वेळी माणूस कशावरही विश्वास ठेवतो. तरी तिनं एक शहाणपणाची गोष्ट विचारली: "तूच कशाला? दुसरं कोणी उभं राहिलं तर?"

"बरोबर!" जावईबापूंना बायकोचा अभिमान वाटला. "पडताळा हवाच. आई, जरा इथे राउटरजवळ येऊन उभ्या राहता का?"

सासूबाई आल्या आणि राउटरशेजारी फोटोला उभं राहतात तशा ताठ उभ्या राहिल्या. राउटर कव्हरात, गाठ बांधलेली, व्यवस्थित. आतून आवाज आला, "नाही."

"हात वर करून बघा, आई."

सासूबाईंनी हात वर केला. "काय मागतंय ते?"

"नाही लागत!" आतून.

मग बायको उभी राहिली आणि जावईबापू लॅपटॉपसमोर बसले. तेव्हाही नाही. (मुलगी शाळेत होती, म्हणून वाचली.) शेवटी स्वतः जावईबापू गेले, कव्हर काढून काखेत धरलं (दिवे दिसायला हवेत ना) आणि एक हात वर केला.

"आलं!" बायको ओरडली, आणि तिच्या आवाजात यावेळी चक्क आदर होता.

आता शंकेला जागा नव्हती. साऱ्या घरात ही शक्ती एकट्या जावईबापूंपाशी होती. आयुष्यभर आपल्यात काहीतरी वेगळं आहे असं त्यांना वाटत आलं होतं. ते काय, हे आज कळलं.

"तू काळजी करू नकोस," ते वीरासारखे म्हणाले. "मुलाखत संपेपर्यंत मी इथून हलणार नाही. फक्त बेडरूमचं दार उघडं ठेव, लहरींना वाट हवी. आणि आई, एक लक्षात ठेवा. काहीही झालं, आभाळ कोसळलं, तरी मुलाखत संपेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"नाही काढणार," सासूबाई म्हणाल्या. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

अकरा वाजले. पडद्यावर तिघं उगवले: मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई, डावीकडे टायवाले गृहस्थ, उजवीकडे काहीच न बोलणारा एक तरुण. बायकोनं नमस्कार केला. तिच्या पाठीमागे उघडं दार होतं, दारातून हॉल दिसत होता, आणि हॉलच्या कोपऱ्यात, फळीशेजारी, एक हात वर केलेला मध्यमवयीन पुरुष स्तब्ध उभा होता. त्याच्या काखेत गुलाबी फुलांचं काहीतरी होतं.

तिघांनीही ते पाहिलं. पण मोठ्या फर्ममधली माणसं सभ्य असतात.

सुरुवात छान झाली. जुनं काम, शिक्षण, कोणती सॉफ्टवेअर येतात. बायको धीटपणे बोलत होती. जावईबापूंचा हात मात्र भरून आला होता. ते हळूच हात बदलू लागले, तर काखेतलं कव्हर घसरलं आणि जमिनीवर पडलं.

सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांना बोलायची बंदी होती, पण वाकायची नव्हती. त्या चवड्यांवर चालत आल्या, कव्हर उचललं, झटकलं (उसासा टाकला, पण शब्द नव्हे) आणि उघड्या पडलेल्या राउटरला मायेनं घातलं.

नेमकं त्याच वेळी पिकल्या केसांच्या बाईंनी तो प्रश्न विचारला, ज्याच्या धास्तीनं बायकोची आठवडाभर झोप उडाली होती: "मधल्या सहा वर्षांत तुम्ही काय केलंत?"

याचं उत्तर जावईबापूंनीच घोकून घेतलं होतं. बायको म्हणू लागली, "कौटुंबिक उत्तरदायित्व आणि व्यावसायिक आकांक्षा यांचा समतोल..."

पडदा गोठला. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"गेलं!" बायको मागे वळून घुसमटल्या आवाजात ओरडली.

जावईबापू हादरले. शक्ती ओसरली? त्यांनी दुसराही हात वर केला. काही नाही. टाचा उंचावल्या, तरी नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग राउटरकडे. आपण गाठ फार आवळली की काय, अशी शंका येऊन त्यांनी बंद सैल केला आणि कव्हर जरासं उचललं. त्याच क्षणी जावईबापूंनी अखेरचा उपाय म्हणून एक पाय उचलला होता.

"आलं!"

सासूबाई थबकल्या. त्यांनी कव्हर परत टेकवलं. "गेलं!" उचललं. "आलं, आलं!" सासूबाईंनी कव्हराकडे पाहिलं, जावयाच्या अधांतरी पायाकडे पाहिलं, पुन्हा कव्हराकडे पाहिलं. मग कव्हर अलगद काढून घेतलं, घडी घातली आणि त्या सोफ्यावर जाऊन, घडी मांडीवर ठेवून, शब्द पाळत गप्प बसल्या.

जावईबापू एका पायावर उभेच राहिले. पाय टेकवणं म्हणजे बायकोचं भवितव्य बुडवणं होतं.

"तुम्ही 'समतोल' म्हणालात आणि गेलात," बाई म्हणाल्या.

बायकोनं मागे पाहिलं. दोन्ही हात वर, एक पाय वर, कपाळावर घाम, आणि तिला काही कमी पडू नये म्हणून डोळे गच्च मिटून उभा असलेला तिचा नवरा. तिच्या घशाशी हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर घोकलेलं सगळं उत्तर उडून गेलं.

"समतोल मागे चाललाय, तो बघा," ती म्हणाली. "मी काय केलं ते साधं सांगते. हे घर बांधणाऱ्यानं दोघांसाठी बांधलंय. आम्ही राहतो चौघं. त्यात आई आली, तिचे गुडघे दुखतात आणि तिच्यासोबत शिलाई मशीन आहे. लेक मोठी झाली, तिची पुस्तकं आली. एकही भिंत न पाडता मी या घराची तीन वेळा नव्यानं मांडणी केली. ओटा आईच्या उंचीला खाली आणला. बाथरूमचं दार बाहेर उघडेल असं केलं, कारण आत कोणी पडलं तर दार अडकायला नको. पाळण्याच्या जागी अभ्यासाचं टेबल आलं, ते रात्री भिंतीत मिटतं. सहा वर्षं मी नोकरी केली नाही. काम केलं. ते नकाशे माझ्याकडे आहेत. दाखवू?"

"दाखवाच," टायवाले प्रथमच पुढे सरकून म्हणाले.

कोपऱ्यात जावईबापूंनी डोळे उघडले. ते या घरात तेवढीच वर्षं राहत होते. ओटा आधीपासूनच तसा आहे, अशी त्यांची समजूत होती. बाथरूमचं दार तर 'उलटं बसवलंय मूर्खांनी' म्हणून त्यांनी आल्यागेल्याला हसून दाखवलं होतं. त्यांचा पाय आपोआप थोडा खाली आला. मग दचकून त्यांनी तो आधीपेक्षाही वर घेतला.

मुलाखत लांबली. नकाशे चांगले असले की मुलाखती लांबतात. शेवटी बाई म्हणाल्या, "कळवतो तुम्हाला. आणि एक... ते मागे कोण आहेत?"

"ते होय?" बायको सहज म्हणाली. "ते आमचा अँटेना आहेत."

पडदा मिटला, तशी बायको धावत बाहेर आली. जावईबापू सोफ्यावर कोसळले होते. पायाला मुंग्या, हातांचे ओंडके, पण चेहऱ्यावर हौतात्म्याचं तेज.

"संपलं का गं?" सासूबाईंनी विचारलं. "आता बोलू?"

"बोल, आई," बायको म्हणाली.

"ते ह्या कव्हरामुळे होतं." त्यांनी मांडीवरची घडी उलगडून कव्हर उलटं केलं. गुलाबी फुलांच्या आत चंदेरी चकचकीत अस्तर होतं, आणि त्या अस्तरावरून अर्ध्या गॉगलमधला एक डोळा जावईबापूंकडे रोखून पाहत होता. "ऊन लागायचं ना त्याला. म्हटलं, जे गाडीला मानवतं, ते ह्यालाही मानवेल. पण ह्यातनं ते तुमचं काय ते बाहेरच येईना. घातलं की जायचं, काढलं की यायचं."

नेमकी त्याच वेळी पलीकडची फरशी कापून संपली.

"आई," जावईबापू खोल आवाजात म्हणाले, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"तुम्ही पाय वर घेतलात तेव्हा."

"मग अर्धा तास मी... तुम्ही बोललात का नाही?"

"तुम्हीच म्हणालात की, आभाळ कोसळलं तरी बोलायचं नाही. आणि तुम्ही इतक्या मनापासून उभे होतात, मोडवेना मला."

बायको भिंतीला टेकून, पोट धरून हसत होती. जावईबापूंनी शेवटची उमेद गोळा केली. निकाल देणं हे त्यांचं काम होतं, आणि तो त्यांनी दिला. "माझ्या मते यात कोणाचीच चूक नाही. नैसर्गिक आपत्ती."

"कोण?" बायकोनं डोळे पुसत विचारलं. "आई, की तू?"

दुपारी फर्मचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर टाकला. पिकल्या केसांच्या बाईच बोलत होत्या. नकाशे सगळ्यांना आवडले होते, विशेषतः ते बाहेर उघडणारं दार. पहिल्या तारखेपासून याल का?

बायकोनं फोनसमोर नुसतीच मान हलवली. जावईबापू फोनच्या दिशेनं ओरडले, "येईल! येईल!"

"अरे वा, तुम्हीच का ते?" बाई हसल्या. "मग तुमच्याशीही बोलायचंच होतं. आमच्या ऑफिसात आतल्या खोल्यांत रेंज फार कमी येते हो. तुम्हालाही रोज येता येईल का त्यांच्याबरोबर?"

जावईबापू काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी आली होती.

"न्या की," त्या फोनला म्हणाल्या. "पण रोज बाहेर न्यायचं म्हणजे धूळ फार. हात वर करा बघू जावईबापू, माप घेते."

जावईबापूंनी हात वर केला. (सवयीनं एक पायही.)